वसाहतीचे अंतर्गत रस्ते आणि साइडपट्ट्या: नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी

वसाहतीतले रस्ते खासगी असतील, तर ते दुरुस्त करायला बाहेरून कोणी येत नाही. नवीन घर घेतलेल्या बऱ्याच जणांना ही गोष्ट पहिला खड्डा पडल्यावर कळते. मग सभेत कोणाच्या तरी गळ्यात हे काम पडतं आणि तो माणूस आधी डांबराचे दर विचारत सुटतो. डांबराची पाळी बऱ्याच नंतर येते. हा लेख त्या माणसासाठी आहे, आणि क्रमही त्याला काम जसं करावं लागेल तसाच ठेवला आहे.

आधी कागद आणि नकाशा

मंजूर नकाशा मिळवा आणि त्यावर तीन गोष्टी रंगाने भरा: सामाईक रस्ता, सामाईक साइडपट्टी आणि जिथून खासगी प्लॉट सुरू होतो ती हद्द. कुंपण हद्दीवरच असतं असं धरून चालू नका. कुंपण आत घेतलेलं असलं की घरमालक बाहेरची पट्टी आपली समजून तिथे झाडं लावतो. बाहेर सरकवलेलं असलं तर सामाईक जागा कमी झालेली असते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. मोजणी करून घेतल्याशिवाय यावरून कोणाशी वाद घालायचा नाही.

मग खरेदीखतं आणि वसाहतीची नियमावली बघा. देखभाल कोणाकडे, खर्चाची वाटणी कशी, पाण्याच्या किंवा विजेच्या वाहिन्या टाकणाऱ्यांना खोदायचा हक्क आहे का, शेजारच्या जमिनीला आपल्या रस्त्यावरून वहिवाट आहे का, हे सगळं लिहून काढा. काही वसाहतींत मुख्य रस्ता पालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झालेला असतो आणि फक्त गल्ल्या खासगी राहिलेल्या असतात. तसं असेल तर निम्मा ताप वाचतो, पण कागद हातात असल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

त्याच नकाशावर जमिनीखालचंही मांडा: पाण्याची लाइन, विजेची केबल, गॅस, इंटरनेट, सांडपाण्याची चेंबरं. यातलं बरंचसं साइडपट्टीखालूनच गेलेलं असतं, कारण तिथे खोदायला सोपं पडतं. पुढे फावडं चालवताना हा नकाशा खिशात हवा.

भर पावसात एक फेरी

रस्त्याची पाहणी कोरड्या, प्रसन्न सकाळी करून फारसं हाती लागत नाही. छत्री घ्या आणि पाऊस चालू असताना बाहेर पडा. पाणी रस्त्यावरून कुठे जातंय, कुठे थांबतंय, कुठे उलटं येतंय, एवढंच पाहायचं. पाऊस थांबल्यावर तासाभराने पुन्हा एक चक्कर मारा आणि जिथे अजून पाणी आहे तिथे रंगाने खूण करून फोटो काढा. पुढच्या पाच वर्षांचे खड्डे कुठे पडणार हे त्या खुणा आजच सांगतात.

कारण साधं आहे. वरचा डांबरी थर गाड्यांचा भार एकटा पेलत नाही. तो खालच्या खडीच्या थराकडे जातो आणि तिथून मातीकडे. खडी कोरडी आणि घट्ट असेपर्यंत सगळं ठीक चालतं. पाणी मुरलं की खालची माती मऊ पडते, चाक वरून गेलं की तो भाग लवतो, लवला की वर तडा जातो, आणि त्या तड्यातून आणखी पाणी आत जातं. थंड प्रदेशात यात भर म्हणून ते पाणी गोठतं. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं आणि डांबर आतून उचललं जातं. म्हणून निगा पाण्याची राखायची. रस्त्याची निगा बरीचशी त्यातच होऊन जाते.

चांगल्या डांबरी रस्त्याला मधून कडेकडे उतार असतो, साधारण ४० ला १. रस्ता पाच मीटर रुंद असेल तर मधला भाग कडेपेक्षा सहा सेंटीमीटरच्या आसपास उंच हवा. अरुंद गल्लीत कधी सगळा उतार एकाच बाजूला दिलेला असतो, तेही चालतं. तपासायला दोरी, पाणसळ (स्पिरिट लेव्हल) आणि मोजपट्टी पुरते. पावसाळा यायला अजून वेळ असेल तर रस्त्याच्या मधोमध बादलीभर पाणी ओता आणि बघत उभे राहा. पाणी चालायला लागलं तर ठीक. जागीच पसरून बसलं तर उतार गेलेला आहे.

साइडपट्टीची पाळ: इथे सगळ्यात जास्त लक्ष

नवख्या माणसाला साइडपट्टी म्हणजे हिरवळ वाटते, शोभेची. तिचं पहिलं काम रस्त्यावरचं पाणी उचलून पुढे गटाराकडे नेणं हे आहे.

डांबराच्या कडेला गुडघ्यावर बसून बघा. गवताच्या मुळांत धूळ अडकते, पानं कुजतात, कापलेलं गवत तिथेच पडतं. दरवर्षी थोडी थोडी करत माती वर चढते आणि काही वर्षांत गवताची कड डांबरापेक्षा उंच होते. बोट फिरवलं तर डांबर संपतं तिथे एक पाळ हाताला लागते, कधी दोन बोटं, कधी चार. रस्त्याचा उतार उत्तम असला तरी पाणी या पाळीशी येऊन अडतं आणि कडेकडेने वाहत राहतं किंवा साचतं. रस्ता मधून ठणठणीत आणि कडेने खाल्लेला दिसला, तर नव्वद टक्के वेळा कारण हेच, असं माझं मत आहे. कडा डांबराने पुन्हा भरून उपयोग नाही. पाळ तशीच राहिली तर नवी कडही त्याच वाटेने जाणार.

उपाय स्वस्त आहे, फक्त अंग मोडून करायचा. डांबराच्या कडेपासून ३० ते ४५ सेंटीमीटर रुंदीचा पट्टा दोरी लावून आखा. सपाट फावड्याने गवताचा थर मुळांसकट चौकोनी तुकड्यांत काढा. खालची माती अशी खरवडा की ती डांबराच्या कडेपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर खाली बसेल आणि रस्त्यापासून दूर उतरत जाईल. मग माती पायाने किंवा धुमसाने दाबा. याहून खोल जाऊ नका. कड पाच सेंटीमीटरहून जास्त उघडी पडली की गाडीचं चाक खाली उतरताना तिचे तुकडे पाडतं, आणि दुचाकीस्वारासाठी तर ती सरळ धोक्याची असते.

दिवस निवडताना माती ओलसर असेल पण चिखल नसेल असा बघा. वाळलेल्या मातीत फावडं उडतं, चिखलात उतार धरत नाही. काढलेले गवताचे तुकडे टाकून देऊ नका, उघड्या पडलेल्या जागांवर बसवायला ते कामाला येतात.

साइडपट्टी रुंद असेल आणि गटार पलीकडे असेल, तर पाणी तिथपर्यंत जायला दर दहा-पंधरा मीटरवर आडवी चारी द्यावी लागते: फावड्याच्या रुंदीची, गटाराकडे उतरती. लोक चालतात तिथे ती उघडी ठेवू नका, पाइप घालून वर माती टाका. आणि जमिनीचा उतारच रस्त्याकडे असेल, तर खरवडून काही साधणार नाही. तिथे कडेने पक्कं गटार लागतं आणि तो खर्च वेगळा धरायचा.

गटारं आणि जाळ्या पावसाळ्याआधी एकदा साफ करून भागत नाही. पानगळीनंतर आणि पहिल्या जोरदार सरीनंतरही उघडून बघाव्या लागतात. पहिली सर महिन्यांचा कचरा घेऊन येते आणि सगळा जाळीच्या तोंडाशी नेऊन ठेवते.

तडे आणि खड्डे

तडा बघून दोन प्रश्न विचारा: किती रुंद, आणि एकटा की जाळं?

तीन मिलिमीटरपेक्षा बारीक एकटे तडे सध्या सोडून द्या. तीन ते वीस मिलिमीटरचे भरायचे. आधी आतलं गवत मुळासकट उपटा, तारेच्या ब्रशने आणि हवेच्या झोताने धूळ काढा, पूर्ण सुकू द्या, मग तडे भरायचं डांबरी मिश्रण ओता. ओलसर तड्यात ओतलेलं मिश्रण काही दिवसांत पापुद्र्यासारखं निघून येतं. रस्त्याच्या सगळ्या कामांत एवढ्या कमी पैशात एवढा टिकाऊपणा देणारं दुसरं काम नाही, आणि नेमकं हेच पुढे ढकललं जातं, कारण तडा अजून कोणाला टोचत नसतो.

मगरीच्या पाठीसारखं तड्यांचं जाळं दिसलं तर भरत बसू नका. खालचा थर बसला आहे. तेवढा तुकडा कापून, खालची मऊ माती आणि खडी काढून, पुन्हा थर देऊनच वर डांबर टाकावं लागतं.

खड्डा बुजवायची रीत मात्र नीट समजून घ्या, कारण ठेकेदाराची माणसं घमेलं उपडं करून, फावड्याने दोनदा थापटून निघून जातात. खड्ड्याभोवती पाच-दहा सेंटीमीटर चांगल्या डांबरात शिरून चौकोन आखायचा आणि कड सरळ उभी कापायची. गोल, निमुळत्या कडेवर नवा माल पातळ होतो आणि चाकाखाली सुटतो. आतलं सैल काही ठेवायचं नाही, घट्ट थर लागेपर्यंत काढायचं. पाणी उपसून तळ सुकवायचा. तळाला आणि चारही बाजूंना टॅक कोटचा, म्हणजे नवा माल जुन्याला चिकटवणाऱ्या पातळ डांबराचा, हलका हात द्यायचा. त्याचं डबकं होऊ द्यायचं नाही. मग माल पाच-सहा सेंटीमीटरच्या थरांत भरायचा आणि प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने (सपाट तळाच्या, थरथरून दाबणाऱ्या यंत्राने) दाबायचा. शेवटचा थर रस्त्यापेक्षा चार-पाच मिलिमीटर वर ठेवायचा, गाड्यांखाली तो बसतो. सांध्यावरून डांबराची रेघ ओढली की पाणी आत जायची वाट बंद.

पिशवीतला कोल्डमिक्स, म्हणजे न तापवता वापरायचा तयार डांबरी माल, छोट्या खड्ड्यांना आणि पावसाळ्यातल्या तात्पुरत्या कामाला बरा, पण तोही धुमसाने ठोकून बसवावा लागतो. ‘गाड्या जाऊन जाऊन बसेल’ हे ऐकून घेऊ नका. चाक मधला भाग दाबतं आणि कडेचा माल बाहेर फेकतं. खड्ड्यात माती किंवा विटांचा चुरा टाकू नका, ते पाणी धरून ठेवतात. डांबरी रस्त्यात सिमेंट काँक्रीटचा गोळाही नको. तो स्वतः हलत नाही, भोवतालचं डांबर लवतं आणि त्याच्या कडेने नवी फट पडते.

रस्ता खडी-मुरुमाचा असेल तर नियम बदलतात. तिथे उतार दुप्पट लागतो, २० ला १ च्या आसपास. खड्ड्यात नुसता मुरूम टाकला तर पुढच्या पावसात खड्डा तिथेच पुन्हा पडतो. आजूबाजूचा भाग खड्ड्याच्या तळाइतका खोल उकरून, नवा माल मिसळून, उतार धरून, पाणी मारून रोलर फिरवावा लागतो. पेव्हर ब्लॉक असतील तर सांध्यांतली वाळू आणि कडेचं बंधन सांभाळा. कडेचा एक ब्लॉक सुटला की ओळ सरकायला लागते.

गवत

नियम एकच पुरेसा आहे: एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. साधारण सहा ते आठ सेंटीमीटर उंची ठेवा. तासून गुळगुळीत केलेलं गवत उन्हात करपतं, मुळं उथळ होतात, आणि मोकळ्या झालेल्या मातीत तण आधी शिरतं. ओल्यात कापू नका, यंत्राच्या चाकांचे चर पडतात. बारीक कापलेलं गवत हिरवळीवर राहिलं तर खतच होतं. रस्त्यावर उडालेलं मात्र झाडून घ्या, नाहीतर तेच जाळीत जाऊन बसतं.

ब्रश कटर (दांड्याच्या टोकाला फिरतं पातं किंवा दोरी असलेलं गवत कापायचं यंत्र) चालवायच्या आधी पट्टीवरून चालत जाऊन खडे, तारा, बाटल्या वेचा. पात्याखालचा खडा गोळीसारखा सुटतो. चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा हवा आणि इतरांनी पंधरा मीटर लांब राहायचं. झाडाच्या बुंध्याला कटरची दोरी लागू देऊ नका. साल चारी बाजूंनी सोलली गेली की झाड मरतं, आणि दोष कीड लागल्याला दिला जातो. बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी ठेवून तिथे पाचोळा पसरा.

वळणांवर आणि चौकांत झुडपं, गवत ६० सेंटीमीटरच्या खाली ठेवायचं. कारमध्ये बसलेल्याचे डोळे रस्त्यापासून जेमतेम एक मीटरवर असतात, आणि लहान मूल त्याहूनही खाली असतं. शोभेच्या उंच झाडीचा हट्ट कोणी धरला तर त्याला त्या वळणावर गाडीत बसवून दाखवा.

गवत टक्कल पडल्यासारखं दिसत असेल तर बी टाकण्याआधी कारण शोधा. बहुतेक वेळा कारण चार चाकांचं असतं. गाडी उभी राहून माती दाबली गेली की पाणी मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. काटे-फावड्याने दहा सेंटीमीटरपर्यंत भोकं पाडून माती सैल करा, वर खतमाती पसरा, मग गवत लावा आणि ते धरेपर्यंत गाड्या रोखा. ‘येथे गाडी लावू नये’ अशा पाट्यांवर माझा विश्वास नाही. चुना फासलेले दगड मांडणं त्याहून वाईट, रात्री दुचाकी त्यावर आदळते. कडेपासून अर्धा मीटर आत, वाकणारे आणि चमकपट्टी लावलेले खांब बरे. पण लोक गवतावर गाड्या लावतात कारण खरोखरच जागा नाही, असं असेल तर ते मान्य करा आणि तेवढ्या भागात जाळीचे ब्लॉक घाला. पाणीही मुरेल, भांडणंही थांबतील.

झाडं, खोदकाम, जड गाड्या

झाडांची बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटीमीटर मातीतच पसरतात, म्हणून ती डांबर उचलतात. बुंध्याजवळची जाड मुळं तोडून रस्ता सपाट करण्याच्या फंदात पडू नका, वादळात झाड त्याच बाजूने कलंडेल. जाणकाराला दाखवा. शक्य तिथे रस्त्याची कड थोडी वळवा. रस्त्यावर झुकलेल्या फांद्या पाच मीटर उंचीपर्यंत मोकळ्या हव्यात, अग्निशमन दलाचा बंब त्याखालून जायचा असतो.

खोदकामाला लेखी परवानगीशिवाय मुभा नको. चर बुजवताना माती १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांत दाबून भरली तरच ती पुढे बसत नाही. खोदायच्या आधी आणि नंतरचे फोटो ठेवा आणि खोदणाऱ्याकडून घेतलेली अनामत एक पावसाळा जाईपर्यंत परत करू नका.

जड वाहनांचं गणित अनेकांना पटत नाही. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात ‘आशो रोड टेस्ट’ ही रस्त्यांची मोठी चाचणी झाली (आशो ही तिथल्या राज्य महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना). खास बांधलेल्या रस्त्यांवरून वेगवेगळ्या वजनाच्या गाड्या सतत फिरवल्या गेल्या. त्यातून ठोकळमानाने असं निघालं की एक्सलवरचा (चाकांच्या आसावरचा) भार जितका वाढतो, त्याच्या चौथ्या घातात रस्त्याचं नुकसान वाढतं. भार दहापट तर नुकसान दहा हजारपट. म्हणजे वसाहतीत एक बांधकाम सुरू झालं की विटा-वाळूचे ट्रक रस्त्याचं जे करतात, ते सगळ्यांच्या कार मिळूनही करत नाहीत. बांधकाम करणाऱ्याकडून वेगळी अनामत घेणं यासाठी रास्त आहे. ट्रकसाठी एकच मार्ग ठरवून द्या आणि मुसळधार पावसाच्या दिवशी मालाच्या फेऱ्या बंद ठेवा.

पैसे आणि ठेका

वाटणीवरून पहिल्याच सभेत वाजतं. फाटकाजवळचा म्हणतो, माझा रस्ता वीस पावलांचा. टोकाचा म्हणतो, माझ्यापुढे तर खड्डाच नाही. रस्त्याकडेच्या लांबीवर, अंतरावर किंवा घरातल्या गाड्यांवर वाटणी करता येते, पण दरवर्षी नवी तक्रार येते. कागदपत्रांत वेगळं काही ठरलेलं नसेल तर समान वाटणी करावी. ती काटेकोर न्याय्य नसली तरी टिकते.

दोन खाती ठेवा: एक वर्षभराच्या गवत-गटार-तड्यांचं, दुसरं नव्या डांबरीकरणाच्या राखीव निधीचं. वरचा थर १५ वर्षं टिकेल असं धरलं तर आजच्या खर्चाचा पंधरावा हिस्सा आणि वर भाववाढ दरवर्षी बाजूला टाकायची. गवताच्या खात्यात कमी पडलं म्हणून राखीव निधीला हात लावायचा नाही, हे ठरावातच लिहा.

दरपत्रकं मागण्याआधी माप तुम्ही काढा आणि सगळ्यांना तेच द्या. समजा रस्ता ३०० मीटर लांब, पाच मीटर रुंद, आणि दाबून झालेला थर चार सेंटीमीटर हवा. १,५०० चौरस मीटर गुणिले ०.०४ म्हणजे ६० घनमीटर. दाबलेलं डांबरी मिश्रण घनमीटरला साधारण २.४ टन भरतं, म्हणजे १४४ टन माल. कामाच्या दिवशी प्रत्येक ट्रकची वजनपावती घेऊन बेरीज करा. शंभर टनांत रस्ता पूर्ण झाला तर थर कुठे पातळ झाला हे विचारायला तुमच्या हातात कागद असेल.

जुन्या डांबरावर थरावर थर चढवू नका. रस्ता उंच होत जातो आणि पाणी लोकांच्या फाटकांतून आत शिरायला लागतं, चेंबरची झाकणं खड्ड्यांत जातात. गरज असेल तिथे जुना थर खरवडून काढणं आणि झाकणं पातळीला आणणं ही दोन्ही कामं दरपत्रकात स्वतंत्र ओळीत हवीत.

कामाच्या दिवशी

दोन दिवस आधी सगळ्यांना कळवा, रुग्ण किंवा वृद्ध असलेल्या घरांना स्वतः जाऊन सांगा. ढग भरून आले असतील तर काम पुढे ढकला, ठेकेदार कितीही म्हणाला तरी. मालाचं तापमान ट्रकमध्येच मोजायला लावा. निळा धूर निघत असेल तर माल जळलाय. ढेकळं होऊन फावड्याला जड जात असेल तर गार झालाय. दोन्ही परत पाठवायचे. दाबल्यावर चार सेंटीमीटर राहायला पसरताना पाच लागतात, हे लक्षात ठेवून पट्टी घालून बघा. रोलर कडेपर्यंत जातोय ना, हेही बघा, कारण कडा सैल राहणं ही नेहमीची खोड आहे.

नव्या रस्त्यावर दिवसभर गाडी नको. पुढचे काही दिवस, विशेषतः उन्हाळ्यात, उभ्या गाडीचं स्टिअरिंग जागच्या जागी फिरवू नका असं सगळ्यांना सांगा. डांबर चाकाखाली सोलवटतं. नवी कड आणि साइडपट्टी यांच्यातली उंची पुन्हा मोजा, लागेल तिथे माती चढवून दाबून घ्या. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवा आणि ही अट करारात आधीच लिहून घ्या. त्या पावसात ठेकेदारालाही बोलवा, सोबत फिरा, आणि जिथे डबकं दिसेल तिथे त्याच्याच हाताने खूण करून घ्या.